ओट्यावरची आण

नाना, भंडाऱ्याची डबी माझ्याकडं आहे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आपल्या धाकट्या दत्ताचा फोन आला, आवाज चढवून. देवघरातली डबी कुठं गेली आणि काल तू जे केलंस ते कुणाला विचारून केलंस, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, नानांना विचारून. तर म्हणाला, नाना गेलेत. जणू ते मला ठाऊकच नव्हतं. मग म्हणाला, सगळ्या पंचक्रोशीत नानांचं नाव होतं, ते तू एका तांब्यात बुडवलंस. आणि फोन ठेवून दिला.

दत्ता रागावला आहे, गणपतकाका माझं तोंड बघायला तयार नाहीत, आणि ज्यांच्याशी भांडायचं ते तुम्ही भिंतीवर हार घालून बसला आहात. म्हणून हे लिहिते आहे. लिहिणं हा माझा धंदा नव्हे, मी परंड्यात बायकांचे ब्लाउज शिवते. पण जे झालं ते तुमच्या नावावर झालं, तेव्हा ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

आधी चांगलं सांगते. मला रडू आलं ते स्मशानात नाही, तेराव्याला तर नाहीच. परवा दुकान उघडलं, मशीनवर बसले, बॉबिनला दोरा गुंडाळायला घेतला आणि डोळे भरून आले. हे मशीन तुम्ही कुर्डुवाडीहून एसटीच्या टपावर टाकून आणलं होतं. पोरीला मशीन कशाला, उद्या परक्या घरी जायची, असं सगळी आळी म्हणत होती. तुम्ही दुकानदाराकडून स्वतः दोरा ओवायला शिकून आलात आणि अंगणात बसून मला शिकवलंत. तुमची जाड बोटं, ती बारकी सुई, आणि दोरा ओवता ओवता तुमची बाहेर आलेली जीभ. धोतर नेसलेला गडी शिवणाच्या मशीनवर बसलाय म्हणून लोक हसले. तुम्ही म्हणालात, हसू दे, दात हैत तवर. त्या मशीनवर माझा संसार उभा राहिला. नाना, हे मी विसरलेली नाही, आणि पुढं जे लिहीन ते वाचतानाही तुम्ही हे विसरू नका.

आपल्या घरात तुम्ही कधी आवाजसुद्धा चढवला नाही. आई तापानं पडली की माझी वेणी तुम्ही घालायचा, एक इकडं एक तिकडं. म्हणून तर लोक तुमच्या ओट्यावर येत. सोनारीच्या वाटेवरचं आपलं गाव, पण भूमकडची, पार करमाळ्याच्या अंगची माणसं आपलं दार विचारत यायची. कुणाची लेक नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली की तिचा बाप चार माणसं घेऊन ओट्यावर. मग नवऱ्याकडचे यायचे. तुम्ही मध्ये, भिंतीला टेकून. पोरीला आत आईजवळ चुलीपाशी बसवायचं आणि बाहेर सगळ्या पुरुषांनी बोलायचं, अशी ती बैठक.

तुम्ही त्या नवऱ्याला असं झोडपायचा की ऐकणाऱ्याला बरं वाटायचं. बायकूवर हात टाकायला मर्दुमकी लागत न्हाय, मर्दुमकी लागती ती तिला जपायला, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. आणि मग शेवटी आईला हाक. आई देवघरातली पितळी डबी आणि बेलाची पानं घेऊन यायची. भंडारा आपल्या खंडोबाचा आणि नाव सोनारीच्या भैरवनाथाचं. एक देव नजर चुकवून बसला तर दुसरा जागा असावा, असा तुमचा हिशेब. नवऱ्यानं एका तळव्यावर बेल-भंडारा घ्यायचा, दुसरा हात आपल्या लेकराच्या डोक्यावर ठेवायचा आणि परत हात उचलणार नाही म्हणून आण घ्यायची. मोडली तर लेकराला लागंल, हे तुम्ही मोठ्यानं म्हणायचा. ओटा गप्प व्हायचा. मग आई त्या पोरीची ओटी भरायची, नवी साडी द्यायची, आणि ती डोळे पुसत नवऱ्यामागं जायची.

तुम्हाला त्याचा केवढा अभिमान होता. आपल्या ओट्यावरनं गेलेली पोर परत रडत आली न्हाय, असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचा. ते खरंच होतं. एकही परत आली नाही.

आणखी एक आठवण इथंच सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. मी परकर-पोलक्यात होते. खालच्या आळीतल्या दोघा भावांनी बांधावरून भांडून एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही अशी आण तुमच्यासमोर घेतली होती. पुढं त्यांची आई धाकट्याच्या घरी अंथरुणाला खिळली आणि थोरला तुमच्या पायाशी येऊन रडायला लागला. तुम्ही तांब्याभर पाण्यात चिमूटभर भंडारा सोडला, तुळशीत ओतला आणि म्हणालात, सुटली. तांब्या मी धरला होता. मी विचारलं, तुम्ही नसता तर कुणी सोडवली असती? तुम्ही म्हणालात, ज्यानं घातली त्यानं सोडवायची, त्यो नसला तर त्याच्या रगतानं. मी म्हटलं, म्हंजी दत्तानं? तुम्ही हसलात.

"रगत काय दत्तातच हाय का?"

आता सुनंदा. तुम्हाला तिची ओळख करून द्यायला नको, पण दत्ता हे वाचणार आहे आणि तो तेव्हा लहान होता. सुनंदा माझी मैत्रीण. नदीकडच्या बोरी आम्ही दोघींनीच ओरबाडल्या. तिला भूमकडच्या गावात दिली, भगवानला. पहिल्या बाळंतपणानंतर ती माहेरी आली ती फुटलेला ओठ घेऊन. तुमच्या ओट्यावर बैठक झाली. भगवाननं तिच्या मांडीवरून बाहेर आणलेल्या विकासच्या डोक्यावर हात ठेवून आण घेतली. सुनंदा गेली. त्यानंतर लग्नकार्यात भेटायची, बरं आहे म्हणायची. तुम्ही तिच्या घराचं उदाहरण द्यायचा. इतकंच नाही, गेल्या वर्षी गणपतकाकांच्या मनीषासाठी स्थळ बघायची वेळ आली तेव्हा तुम्हीच विकासचं नाव काढलंत. माझ्या नजरेखालचं घर हाय, म्हणालात. काकांनी तुमच्या शब्दावर पोरगी दिली.

यंदाच्या उन्हाळ्यात मनीषा परत आली, हात प्लॅस्टरमध्ये.

काका तुमच्याकडं धावले आणि तुम्ही बैठक बोलावतो म्हणालात. त्याच आठवड्यात भर दुपारी सुनंदा माझ्या दुकानात आली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिच्या हातात ब्लाउजपीस. कोपरापर्यंत बाही ठेव आणि पाठ बंद, म्हणाली. उन्हाळ्यात असा ब्लाउज मागणाऱ्या बायका मला नव्या नाहीत. कारण विचारलं तर देवाधर्माला बरं पडतं असं सांगतात. मी माप घ्यायला टेप काढली. तिनं पदर बाजूला केला आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. नाना, ती पाठ मी तुम्हाला सांगणार नाही. जुनं आणि नवं एकमेकांवर चढलेलं होतं. मी टेप खाली ठेवली आणि शटर अर्धं ओढलं.

"मंगल, मनीषाला परत पाठवू दिऊ नको," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाना विकासला सोडणार नाहीत, आण घ्यायला लावतील.

"मग तर आजिबात नको." ती वळली. "ह्यांनी बी घेतली व्हती की. विकासच्या डोक्यावर हात ठिवून. चार दिस पाळली. मग म्या कुणाला सांगू? आण मोडली असं म्या तोंडानं म्हणलं, तर लागणार कुणाला? लेकराला. मारणाराला काय व्हतंय."

मला आधी नीट कळलंच नाही. तिला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग कळलं. तुम्ही आण नवऱ्याला घातली होती आणि जीभ बायकोची बांधली गेली होती. तो मारत राहिला आणि ती देवाच्या भीतीनं झाकत राहिली, कारण तिनं उघड केलं असतं तर तिच्याच मांडीवरच्या पोराला देव धरणार होता. परत एकही पोर रडत का आली नाही, ते त्या दुपारी मला दुकानात उभं राहून कळलं.

आणि जाताना ती जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे. म्हणाली, एवढं गप बसून बी काय झालं, लागायची ती लागलीच की. कोपऱ्यात बसून बघत बघत पोरगं असं झालं. मनीषाचा हात पिरगाळताना त्याचं तोंड डिट्टो बापाचं दिसत व्हतं. ब्लाउजपीस तसाच टेबलावर विसरून ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी गावात आले. तुम्ही गोठ्यापुढं बसून वाखाचं दावं वळत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, कोण म्हणतंय. मी नाव सांगितलं. तुम्ही म्हणालात, खोटं बोलत असंल. आणि थोड्या वेळानं स्वतःच म्हणालात, न्हाय, सुनंदा खोटं बोलायची न्हाय. तुमचे हात थांबले नाहीत, दावं मात्र नको तिथं पीळ धरायला लागलं.

मग आपलं जे भांडण झालं ते आईनं आतून ऐकलं. तुम्ही म्हणालात, आण हाय म्हणून तरी माणूस भितो. मी म्हटलं, भीत कोण होतं, नाना? तुम्ही म्हणालात, मग काय सगळ्या पोरी आणून घरात ठिवू का, घरं मोडायची हैत का तुला. मी म्हटलं, घर असतं तर मोडलं असतं. मी असंही म्हटलं की इतक्या वर्षांत तुम्ही एकदा तरी आत येऊन त्या पोरीला विचारलंत का, की बाई तुला जायचंय का? तिच्या वतीनं बाप बोलला, चुलता बोलला, देव बोलला, तीच तेवढी चुलीपाशी बसली. तुम्ही मान वर केली. मला वाटलं आता बोलाल. तुम्ही उन्हाकडं बघितलं आणि म्हणालात, "गाडी चुकंल तुझी."

हे तुमचं माझ्याशी शेवटचं वाक्य. गाडी मला मिळाली, नाना. त्यानंतर मी फोन केला की तुम्ही तो आईकडं द्यायचा. पाऊस आहे का, शेळी व्याली का, एवढंच आई सांगायची. मीही हट्टी, तुमचीच लेक. आणि एका सकाळी दत्ताचा फोन आला.

तुम्ही गेल्यावर जे कळलं ते तुमच्याकडून कळलं असतं तर किती बरं झालं असतं. गणपतकाका कुरकुरत होते की नाना बैठक पुढं ढकलत राहिले. आज करू, उद्या करू, थांब जरा. तुमच्या आयुष्यात तुम्ही असं कधी केलं नव्हतं. आणि तिसऱ्या दिवशी सुनंदा भेटायला आली. बायकांच्या घोळक्यातून मला बाजूला घेऊन तिनं सांगितलं की तुम्ही तिच्या घरी गेला होता. एकटेच, एसटीनं. भगवान दारातच बसला होता. तिनं पाणी दिलं, तुम्ही प्यालात, परत मागितलंत, परत प्यालात. आणि म्हणालात, सुनंदा, बरं हाय नव्हं? भगवान समोर. ती म्हणाली, बरं हाय नाना. तुम्ही बराच वेळ तिच्याकडं बघत राहिलात आणि उठलात. चपला तिथंच राहिल्या. भर उन्हात अनवाणी निघालात. ती मागं पळत गेली, तेव्हा तुम्ही पार बाभळीपर्यंत पोचला होता. तुम्ही चपला घातल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवलात. 

हे ऐकून मला तुमचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्हींतलं आधी काय, ते मला अजून सांगता येत नाही. एवढं गेलाच होता तर विचारायचं होतं, नाना. भगवानला बाजूला घालवायचं होतं. ज्या माणसाच्या एका शब्दावर ओटा चिडीचूप व्हायचा, त्याला तिथं शब्द सापडू नये?

तिकडं दत्ता आणि काकांचं वेगळंच ठरलं होतं. तेराव्याला सगळे पाहुणे येणार, भगवान आणि विकासही येणार. मग बैठक तेव्हाच उरकून घ्यायची. जेवणं झाली की नानांच्या फोटोपुढं विकासनं बेल-भंडारा उचलायचा. नानांच्या नावाची आण, त्याहून भारी आण कुठली, असं काका म्हणाले. मनीषाला लेकरू नाही, तर तिच्या पोटाला हात लावून घ्यायची, अशीही कुणीतरी सूचना केली. ती गरोदर आहे हे तेव्हा मला कळलं. आणि संध्याकाळच्या जीपनं तिला धाडायचं. दत्ताला मी सांगून बघितलं. तो म्हणाला, आक्का, मला बी ते पोरगं आवडत न्हाय, पण नानांनी जे चालवलं ते मी पहिल्याच दिवशी मोडू का? त्याचं तोंड उतरलं होतं. तो वाईट माणूस नाही. बापाच्या जागी बसायला घाबरलेला मुलगा आहे.

तेराव्याला मनीषा स्वयंपाकघरात लसूण सोलत होती, प्लॅस्टरचा हात मांडीवर आणि दुसऱ्या हातानं, दातात पाकळी धरून. मी तिच्याजवळ बसले. जे बाहेर कुणी विचारणार नव्हतं ते मी विचारलं. बाई, तुला जायचंय का? तिनं पाकळी खाली ठेवली. म्हणाली, आक्का, ह्या वक्ताला गेले तर मी परत यायची न्हाय, आन् म्या माघारी आले न्हाय म्हणून तुमी म्हणाल नांदली. मग ती पुन्हा लसूण सोलायला लागली. इतकं विझलेलं तोंड मी कुणाचं बघितलं नाही.

जेवणं उरकली. पुरुष ओट्यावर बसले. तुमच्या फोटोपुढं पाट मांडला. विकास नवा शर्ट घालून आला होता, शेजारी भगवान पान चावत. बायका आत, दाराशी दाटून, त्यांत सुनंदा. दत्तानं आईला हाक मारली, अगदी तुमच्यासारखी. आई डबी घेऊन उठली. पांढऱ्या कपाळाची आई डबी घेऊन येताना बघितली. मी दारात आडवी झाले. तिला म्हटलं, आई, दे इकडं. मला वाटलं ती विचारेल कशाला. तिनं डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तांब्या तुळशीपाशी हाय.

नाना, तिनं तांब्या आधीच भरून ठेवला होता.

मी अंगणात आले.  आधी सगळ्यांना वाटलं, मी डबी फोटोपाशी नेते आहे. तुळशीकडं वळले तशी काकांनी हाक मारली, दत्ता ओट्यावरून उतरला आणि त्यानं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. आक्का, तमाशा करू नको, म्हणाला. तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला. तुम्ही होता तोवर तिनं ओट्यावर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"दत्ता, हात सोड. ह्या घरात बाईचा हात कुणी धरला न्हाय आजवर."

त्यानं सोडला. चटका बसावा तसा सोडला. मी डबी उघडली आणि चिमूट नाही, सगळी डबी तांब्यात पालथी केली. आणि मोठ्यानं म्हटलं, सोनारीच्या भैरवनाथा, माझ्या बापानं ह्या ओट्यावर बायकांसाठी म्हणून ज्या ज्या आणा घातल्या, त्या समद्या मी त्यांची लेक सोडवते. त्यांनीच सांगितलेलं हाय, ज्यानं घातली त्यो नसला तर त्याच्या रगतानं सोडवायची. आता कुणाच्या लेकराला काय लागायचं न्हाय. जिला बोलायचं तिनं बोलावं. मग पाणी तुळशीत ओतलं. म्हटलं, सुटली.

 काका म्हणाले, अगं पण ही घरातली गोष्ट. भगवान हसला, पानाची पिंक टाकायला उठला. आणि सुनंदा उंबरा ओलांडून बाहेर आली. ओट्यावर, पुरुषांच्या मधोमध, तुमच्या फोटोपुढं. पदर दोन्ही हातांनी धरला होता. भगवानकडं तिनं बघितलंच नाही, ती फोटोकडं बघून बोलली.

"नाना, तुमी इचारलं तवा म्या बरं हाय म्हणले. बरं न्हाय. मला मारत्यात. आण घेतल्यावर बी मारलं, काल बी मारलं. विकासनं मनीषाचा हात मोडला तवा म्या तिथंच व्हते."

भगवानची पिंक तोंडातच राहिली. विकास बसल्या जागी मान खाली घालून पाटाकडं बघत होता, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तो मांडीवरचा लहान पोरगा दिसला. दया नाही आली. वाईट वाटलं. दयेत आणि वाईट वाटण्यात फरक असतो, तो तुम्ही कधी करत नव्हता. आतून एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, समद्यांच्या सुटल्या म्हणलीस नव्हं मंगल? मी म्हटलं, समद्यांच्या. ती भिंतीला पाठ लावून बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. ती कुठल्या सालच्या बैठकीतली, ते तुम्हालाच ठाऊक.

मग बरीच बाचाबाची झाली. भगवान सुनंदाच्या अंगावर धावला तेव्हा त्याला अडवायला पहिला कोण गेला असेल? दत्ता. माझ्यावर चिडलेला होता, तरी गेला. काकांनी एकदा शेवटचं सांगून बघितलं, म्हणाले नाना असते तर. आई म्हणाली, ते असते तर अजून पुढंच ढकललं असतं, पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल. जीप रिकामी गेली. मनीषा तुमच्या खोलीत झोपते आहे आता, तुमच्याच खाटेवर. लसूण सोलायचं आईनं तिला बंद केलंय.

सुनंदा त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर परंड्याला आली. अंगावरच्या साडीवर. आमच्या ह्यांनी न बोलता बाहेरच्या खोलीत आपलं अंथरूण टाकलं. दोनदा भगवानचा फोन आला, काय काय म्हणाला ते लिहिणार नाही. मी शटरला आतून कडी लावून शिवते आहे. एखादी गाडी दुकानापुढं थांबली की आम्ही दोघी मशीन थांबवून ऐकतो. पुढं काय होईल मला माहीत नाही. विकास आईची माफी मागायला येईल की बापाबरोबर दार फोडायला, तेही माहीत नाही.

तुम्ही परवानगी दिली असती का, नाना? मी स्वतःला रोज विचारते. कधी वाटतं, तुम्ही बैठक ढकलत होता ती मन घट्ट करायला, आणि आणखी थोडे दिवस मिळाले असते तर तांब्या तुम्हीच उचलला असता. कधी वाटतं, नसता उचलला. तुम्ही पाणी पिऊन, चपला विसरून, तसेच परत आला असता. अनवाणी चालत गेलेला तो माणूस मला बाप म्हणून फार जवळचा वाटतो. ओट्यावरचा तेवढा वाटत नाही. हे तुम्ही असताना सांगता आलं असतं तर.

दत्ताला वाटतं मी तुमचं नाव बुडवलं. म्हणून आजचं सांगून थांबते.

आज सकाळी सुनंदाला आणि मनीषाला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. मनीषाला आईनं शेजारच्या रिक्षातून धाडलं होतं. सासू आणि सून एकाच बाकावर बसल्या, मनीषाच्या प्लॅस्टरखाली सुनंदानं आपला हात दिला होता. लिहून घेणारी बाई तरुण होती, शांतपणे विचारत होती. सुनंदा सगळं सांगत गेली. मग त्या बाईनं विचारलं, एवढी वर्षं का बोलला नाहीत?

सुनंदा म्हणाली, आण होती.

कुणी घातली होती?

सुनंदानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. तुमचं नाव तिच्या तोंडून निघेना. तेव्हा मी सांगितलं, नाना. तुमचं पूर्ण नाव, गावासकट, मीच सांगितलं. बाईनं लिहून घेतलं. मग वर बघून विचारलं, आणि सोडवली कुणी?

तेव्हाही मी तुमचंच नाव सांगितलं.